सापळा रिकामा, ॲप म्हणतं 'धोका कमी', आणि मक्याचा पोंगा खाल्लेला: लष्करी अळीच्या निरीक्षणातल्या नेहमीच्या अडचणी

खरिपाचा मका गुडघ्याला लागला की आमच्या सिल्लोड-कन्नड पट्ट्यातून त्याच त्या तक्रारी सुरू होतात. "ताई, कामगंध सापळ्यात आठवडाभर एक पतंग नाही, ॲप हिरवा रंग दाखवतंय, आणि पोंग्यात भुसाच भुसा." (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा, पोंगा म्हणजे मक्याच्या शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, भुसा म्हणजे अळीची विष्ठा, आणि ॲप म्हणजे कीड ओळखून सल्ला देणारं मोबाइल ॲप.) दुसरा निरोप नेमका उलटा असतो: सापळ्याची पिशवी भरली, ॲपने फवारा म्हणून सांगितलं, पण शेतात अळी सापडत नाही. तिसऱ्याने एकाच अळीचे फोटो टाकलेले असतात आणि प्रत्येक फोटोला वेगळं नाव आलेलं असतं.

मी शेतकरी गटांसाठी कीड निरीक्षणाचं काम करते. सापळे लावणं, मोजणं, फोटो तपासणं आणि ॲपचा सल्ला शेताशी ताडून पाहणं हा माझा रोजचा उद्योग आहे. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा मोबाइलमध्ये सापडत नाही, ते किडीच्या वागण्यात सापडतं. पतंग कधी उडतो, कोणता पतंग सापळ्याकडे येतो, अळी दिवसा कुठे असते, हे न पाहता आपण यंत्राला माहिती पुरवतो आणि यंत्र त्या माहितीवर चोख उत्तर देतं. म्हणून ॲप काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. खाली दिलेल्या गोष्टी शेतात जाऊन तपासा.

ही अळी इथली नव्हे. अमेरिका खंडातली ही कीड २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला मक्यावर सापडली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात आली, उसावरही दिसली. आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या लष्करी अळीपासून ओळखायला तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. हे नाव लक्षात ठेवा, दुकानात त्याची गरज पडणार आहे.

सापळा रिकामा, पोंगा खाल्लेला

सगळ्यात आधी ल्यूरचं, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या गोळीचं, पाकीट पाहा. त्यावर 'फ्रुजीपर्डा' लिहिलेलं असलंच पाहिजे. नुसतं 'स्पोडोप्टेरा' वाचून घेतलेलं पाकीट पुष्कळदा लिट्युराचं, म्हणजे तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीचं निघतं. दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी मादीचा गंध वेगळा. आपण शोधतोय त्या अमेरिकन अळीच्या गंधात एक रसायन भरपूर असतं आणि दुसरं अगदी थोडं, पण ते थोडंसं नसेल तर नर फारसे फिरकत नाहीत. त्यामुळे 'जवळपास तीच गोळी आहे' या दुकानदाराच्या आश्वासनावर जाऊ नका.

ल्यूर योग्य असेल तर ती कधी लावली ते आठवा. साधारण तीन ते चार आठवड्यांत गंध उतरतो, उन्हाचा कडाका असेल तर त्याआधीच. लावल्याची तारीख सापळ्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवायची सवय लावा. जादा ल्यूर फ्रिजमध्ये, पाकीट न फोडता ठेवा. गाडीच्या डिकीत महिनाभर पडलेली ल्यूर लावून उपयोग नाही.

हात हेही एक कारण आहे. त्याच हाताने कपाशीतली बोंडअळीची ल्यूर बदलायची आणि मग मक्यातली लावायची, असं केलं तर दोन्ही गंध मिसळतात. हातमोजे घाला, किंवा निदान ल्यूरला बोट न लावता पाकिटातूनच टोपीत सरकवा. गेल्या वर्षी दुसऱ्या किडीसाठी वापरलेला सापळा मक्यात आणू नका, प्लास्टिकला वास धरून राहतो.

आता उंची. पेरणीनंतर लावलेला सापळा तिथेच राहतो आणि मका त्याच्या वर निघून जातो. मग गंध पानांतच अडकून बसतो. सापळा नेहमी पिकाच्या शेंड्यापेक्षा अंदाजे एक फूट वर असावा, म्हणजे काठीला सरकवण्याची सोय पहिल्या दिवशीच करायला हवी. नर पतंग गंधाचा माग काढत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, नागमोडी उडत येतो. त्यामुळे वारा ज्या अंगाने शेतात शिरतो त्या बाजूला, कडेपासून थोडं आत, सापळा असेल तर गंध सगळ्या पिकावरून वाहतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, पण डोंगराच्या कुशीतल्या शेतात तो फिरतो. संध्याकाळी बांधावर उभं राहून मूठभर कोरडी माती सोडून पाहा.

पिशवीही उघडून पाहा. नरसाळ्याच्या सापळ्यात खालची पिशवी फाटलेली असते, गाठ सुटलेली असते, किंवा काळ्या मुंग्या चढलेल्या असतात. मुंग्यांनी फस्त केलेल्या पिशवीत तळाशी फक्त पंखांचे तुकडे आणि राखाडी खवल्यांची भुकटी उरते, आणि वहीत मात्र 'शून्य' लिहिलं जातं. काठीला बुंध्याशी ग्रीस लावलं की मुंग्या थांबतात.

हे सगळं ठीक असूनही सापळा रिकामा असू शकतो, आणि हेच लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. कामगंध सापळा फक्त नर पकडतो. अंडी घालते ती मादी, आणि ती मिलन आटोपून दुसरीकडून उडत येते. या पतंगांची उडण्याची ताकद प्रचंड आहे, वारा अनुकूल असला तर एका रात्रीत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर ते कापू शकतात. गाभण मादी तुमच्या शेतात उतरून अंडी घालून गेली, तर नराचा सापळा तुम्हाला काय सांगणार? शिवाय शेतात खऱ्या माद्या खूप झाल्या की त्यांच्या गंधापुढे आपली गोळी फिकी पडते, त्यामुळे ऐन उपद्रवातही आकडा खाली येऊ शकतो. सापळे उशिरा लावले असतील तर पहिली फेरी हातची गेलीच. मका उगवून आला की लगेच एकरी चार ते पाच सापळे उभे राहिले पाहिजेत.

म्हणून नियम असा: सापळ्यात शून्य असलं तरी आठवड्यातून दोनदा शेतात फिरायचं. इंग्रजी 'डब्ल्यू'च्या आकारात चालत पाच ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणी ओळीतली वीस झाडं पाहायची. शंभर झाडांपैकी किती पोंग्यांत ताजा भुसा आहे, तीच तुमची टक्केवारी. पीक लहान असताना, पोंगा नुकता धरलेला असताना, पाच टक्के झाडं लागलेली दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क किंवा ॲझाडिरॅक्टिन हे कडुनिंबातलं कीडनाशक फवारा. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर पुढचा विचार. सापळ्याच्या आकड्यापेक्षा हा आकडा मोठा मानायचा.

सापळा भरलेला, शेत स्वच्छ

इथे पहिला प्रश्न विचारायचा: पिशवीतले सगळे पतंग आपल्याच अळीचे आहेत का? आफ्रिकेत या किडीच्या सापळ्यांमध्ये लोरेयी नावाच्या दुसऱ्या लष्करी अळीचे पतंग मोठ्या संख्येने येत असल्याचं आढळलं, आणि ही जात आपल्याकडेही आहे. मोजणाऱ्याने सगळ्यांची एकच बेरीज केली आणि ती ॲपमध्ये भरली की ॲप लाल होणारच.

ओळख फार अवघड नाही. आपल्या अळीच्या नर पतंगाचे पुढचे पंख राखाडी-तपकिरी, चितरलेले असतात. पंखाच्या टोकाशी पांढरा त्रिकोणी ठिपका आणि मध्याजवळ तिरकस, गव्हाळ रंगाचा लांबट डाग असतो. मागचे पंख चंदेरी पांढरे, कडेला बारीक गडद रेघ. लोरेयीचा पतंग गवती रंगाचा आणि साधा, पुढच्या पंखाच्या मध्ये फक्त एक बारीक पांढरा ठिपका. पण ही ओळख ताज्या पतंगावर पटते. चार-पाच दिवस पिशवीत फडफडलेल्या पतंगाचे खवले झडून जातात आणि सगळेच एकसारखे मळकट दिसतात. त्या अवस्थेतला फोटो पाहून ॲपही गोंधळतं आणि माणूसही. शक्य असेल तर दोन दिवसांनी, फार तर तीन दिवसांनी पिशवी रिकामी करा आणि पतंग पांढऱ्या कागदावर पसरून मोजा.

पतंग खरंच त्याच अळीचे निघाले, तरी त्यावरून लगेच पंप पाठीवर घ्यायचा नाही. नर सापडले याचा अर्थ पतंग परिसरात आले आहेत, एवढाच. ते तुमच्या मक्यासाठी थांबतील की पुढे जातील, हे सापळा सांगत नाही. एका सापळ्यात तीन पतंगांपर्यंत आकडा गेला की तो आपल्यासाठी शेतात उतरण्याचा इशारा. अंडी घातल्यावर उबदार हवेत दोन-तीन दिवसांतच फुटतात, म्हणून इशाऱ्यानंतरचे तीन-चार दिवस फार मोलाचे. तेव्हा अळी शोधू नका, अंडीपुंज शोधा. शंभर-दोनशे अंड्यांचा ढीग, वरून मळकट केसाळ आवरण, पानाच्या खालच्या किंवा वरच्या बाजूला. दिसला की पान खुडून चिरडायचं. ट्रायकोग्रामा किंवा टेलिनोमस रेमस या परोपजीवी कीटकांची कार्डं लावायची असतील तर तीही याच दिवसांत, कारण हे कीटक अंड्यांवर जगतात, अळ्यांवर त्यांचं काही चालत नाही. कार्डं लावल्यावर रासायनिक फवारणी केली तर पैसे पाण्यात.

सापळ्याचे आकडे आणि हवामान एकत्र करून असा इशारा वेळेवर देणं हे संगणकाचं खरं काम आहे. ते माणसाला जमण्यासारखं नाही, आणि म्हणूनच त्याला शुद्ध आकडे मिळाले पाहिजेत असा माझा आग्रह असतो.

एकाच अळीचे फोटो, प्रत्येक वेळी वेगळं नाव

इथे जरा थांबून यंत्र कसं ओळखतं ते समजून घेऊ. ॲपमधलं कीड ओळखणारं मॉडेल, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, हजारो फोटोंवर शिकवलेलं असतं. तुम्ही फोटो दिला की ते शिकलेल्या नावांशी साम्य मोजतं आणि सगळ्यात जवळचं नाव पुढे करतं. त्याच्या यादीत नसलेली अळी दाखवली तरी बरीच मॉडेलं यादीतलंच एखादं नाव देतात. नावाच्या बाजूला खात्रीची टक्केवारी दिसत असेल तर ती वाचा. नव्वदच्या वर असलेलं उत्तर आणि पंचावन्न टक्क्यांचं उत्तर यांना सारखं वजन देऊ नका. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ॲपमधली 'नुरू' ही मदतनीस आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी याच अळीवर शिकवली गेली आणि ती इंटरनेटशिवाय चालते. आपल्या केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे, तिच्यात ६० हून अधिक पिकं आणि ४०० हून अधिक किडी आहेत. यादी जेवढी मोठी, तेवढी सारख्या दिसणाऱ्या किडींची गर्दीही मोठी. त्यामुळे फोटोत ओळखीच्या खुणा दिसणं अत्यावश्यक.

खुणा दोन, आणि दोन्ही हव्यात. डोक्यावर इंग्रजी उलटा 'वाय', आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठळक काळे ठिपके. नुसता उलटा 'वाय' पाहून निर्णय घेऊ नका, तशी फिकट रेघ इतर अळ्यांच्या डोक्यावरही असते. चार ठिपक्यांचा चौकोन जास्त भरवशाचा.

अडचण अशी की अंड्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या अळीवर यातलं काहीच नीट दिसत नाही. ती हिरवट पांढरी, काळ्या डोक्याची, दीड-दोन मिलिमीटरची असते. तिचा फोटो टाकून नाव विचारू नका, कोणतंही उत्तर येईल. या वयात अळीऐवजी पानाचा फोटो द्या. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पातळ पांढरा पापुद्रा शिल्लक ठेवतात, त्यामुळे पानावर लांबट पांढरे चट्टे दिसतात. त्याउलट, उलगडलेल्या पानावर आडव्या ओळीत एकसारखी बारीक भोकं दिसली तर ते काम बहुधा खोडकिड्याचं. ती ओळ पोंग्यात पान गुंडाळलेलं असताना अळी आरपार गेल्यामुळे पडते.

याच गोष्टीतून एक मोठी फसगत निघते. पान पोंग्यातून बाहेर येऊन उलगडायला दिवस लागतात. म्हणजे आज तुम्हाला वरच्या पानावर जी मोठी फाटकी भोकं दिसतात ती अळीने मागे कधी तरी, पान आत असताना पाडलेली असतात. त्या पानाचा फोटो दिला की ॲप 'तीव्र प्रादुर्भाव' म्हणतं. अळी तोवर जमिनीत कोषात गेलेली असेल, किंवा मित्रकीटकांनी खाल्लेली असेल. या फोटोवर केलेली फवारणी हवेत जाते, आणि कोळी, ढालकिडे, कात्रीकिडे मारून जाते. म्हणून नुसता भोकांचा फोटो कधी टाकू नका. पोंग्यात बोट घाला. भुसा ओला, पिवळसर, मऊ असेल तर अळी आत आहे. कोरडा, तपकिरी, बोटाने उडून जाणारा असेल तर जुना.

फोटो कधी काढायचा हेही किडीवर अवलंबून आहे. अळी दिवसा पोंग्यात खोल, स्वतःच्या भुशाच्या बुचाखाली बसते, खायला रात्री आणि झुंजुमुंजूला वर येते. दुपारी बारा वाजता शेतात जाऊन 'अळी नाही' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सूर्य वर येण्याआधी किंवा दिवेलागणीला जा. अळी दिसली की हात लावताच ती वेटोळं करून पडते आणि डोकं-शेपटी दोन्ही लपतात. मिनिटभर थांबा, ती सरळ होते. तिला पांढऱ्या कागदावर किंवा स्वच्छ पानावर घ्या, तुमच्या अंगाची सावली तिच्यावर पडू द्या, कडक उन्हातला फोटो चमकतो आणि ठिपके पुसले जातात. लेन्स शर्टाने पुसा, ते बहुतेकांचं राहून जातं. झूम न करता मोबाइल जवळ न्या, स्क्रीनवर बोट ठेवून फोकस येऊ द्या. एक फोटो डोक्याचा, एक शेपटीचा, एक पोंग्याचा.

एका पोंग्यात एकच मोठी अळी सापडली म्हणून प्रादुर्भाव कमी समजू नका. या अळ्या एकमेकींना खातात. अंडीपुंजातून शे-दीडशे निघाल्या तरी काही जणी रेशमाच्या धाग्यावर लोंबकळत वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात, आणि मोठ्या होईपर्यंत एका पोंग्यात सहसा एकच उरते.

मेलेल्या अळ्यांचे फोटोही येतात. पावसाळी, दमट हवेत ताठ झालेली, आधी पांढरी आणि मग हिरवट पावडर चढलेली अळी दिसली तर तिला मेटारायझियम रिलेयी बुरशीने मारलेलं असतं. ॲप इथे काहीही नाव देऊ शकतं. अशी अळी शेतात राहू द्या. तिच्यावरची बुरशी शेजारच्या अळ्यांना लागते, आणि अशा शेतात बुरशीनाशक मारण्याआधी दोनदा विचार करा.

ॲपचा अंदाज दर रब्बीत चुकतो

खरिपात बरोबर येणारं भाकीत रब्बीच्या मक्यात चुकतं, ही तक्रार आता वाढते आहे. कारण तापमान. या किडीचं अंड्यापासून पतंगापर्यंतचं आयुष्य ३२ अंश सेल्सिअसला सुमारे २० दिवसांत उरकतं, १८ अंशाला त्याच प्रवासाला ७० दिवसांच्या आसपास लागतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या रात्री थंड असतात, त्यामुळे पिढी लांबते आणि लहान-मोठ्या अळ्या एकाच वेळी सापडतात. चांगली प्रणाली तापमानाची रोजची बेरीज करून अंदाज देते, पण तिला तुमचं ठिकाण आणि पेरणीची तारीख बरोबर लागते.

सेटिंगमध्ये जाऊन या दोन गोष्टी तपासा. नोंदणी तालुक्याच्या गावी दुकानात बसून केली असेल तर शेताचं ठिकाण तिथलंच पडलेलं असतं. पेरणीची तारीख मागच्या हंगामाची राहून जाते आणि ॲपच्या हिशेबाने तुमचा मका तुऱ्यात असतो, शेतात मात्र चार पानांवर. शेतात उभं राहून ठिकाण पुन्हा नोंदवा. एका शिवारात टप्प्याटप्प्याने पेरणी झाली असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा भरा, कारण पतंग कोवळ्या मक्याकडे वळतात आणि उशिराच्या पेरणीला जास्त फटका बसतो.

कॅमेऱ्याचा सापळा वेडेवाकडे आकडे पाठवतो

काही गटांनी आता कॅमेरा बसवलेले सापळे घेतले आहेत. आतल्या चिकट कागदाचा फोटो निघतो, पतंग मोजले जातात, आकडा मोबाइलवर येतो. आकडा अचानक उडाला तर सगळ्यात आधी नोंदीची वेळ पाहा. हे पतंग निशाचर आहेत, अंधार पडल्यावर ते उडतात. ऐन दुपारी, कडक उन्हात, पंधरा पतंग आल्याची नोंद असेल तर ते पतंग नव्हेत. माशी असेल, मधमाशी असेल, वाऱ्याने आलेला मक्याच्या पानाचा तुकडा असेल, किंवा लेन्ससमोर कोळ्याने जाळं विणलं असेल. वेळेवरून केलेली ही छाननी मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा उपयोगी वाटते, आणि ती कोणीही करू शकतं.

पहाटे दव पडतं आणि लेन्सवर बाष्प धरतं, त्या वेळचे फोटो धूसर येतात. चिकट कागद धुळीने किंवा खवल्यांनी भरला की जुनेच पतंग थोडे सरकतात आणि पुन्हा नव्याने मोजले जातात. कागद बदलल्याची तारीख आणि आकडा यांचा मेळ लागतो का ते पाहा. सौर पट्टीवरची धूळ पुसा. नेटवर्क नसलेल्या शिवारात दोन-तीन दिवसांचे आकडे एकदम येतात आणि ॲपला तो एका रात्रीचा लोंढा वाटतो, म्हणून पाठवल्याच्या वेळेऐवजी फोटो काढल्याची वेळ वाचा.

आठवड्यातून एकदा कागद हातात घेऊन स्वतः मोजा आणि यंत्राच्या आकड्याशेजारी लिहा. फरक सतत एकाच दिशेने येत असेल तर चुकीच्या फोटोंवर खूण करून पुरवठादाराला पाठवा. दुसऱ्या देशातल्या पतंगांच्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल इथल्या लोरेयीला सहज फसतं. इथले, बरोबर नाव लावलेले फोटो मिळाल्याशिवाय ते सुधारणार नाही.

फवारणी झाली, तरी पुन्हा तेच

ओळख बरोबर, इशारा वेळेवर, तरी अळी राहिली, तर फवारणी कुठे पडली ते पाहा. शेतावरून पाणी फिरवून काही होत नाही. नोझल पोंग्याच्या तोंडाशी नेऊन, संध्याकाळी, अळी वर यायच्या वेळी फवारा. मोठी झालेली अळी भुशाच्या बुचाखाली असते, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सगळ्यात जास्त खाणं याच शेवटच्या दोन अवस्थांत होतं. म्हणून अळी लहान असतानाच गाठणं हाच सगळ्या निरीक्षणाचा हेतू.

दर वेळी तेच औषध मारू नका. ब्राझील आणि पोर्तो रिकोमध्ये या अळीने, अळी मारणारा जनुक घातलेल्या बीटी मक्यालाही दाद देणं सोडलं, औषधांची गोष्ट वेगळी नाही. औषधाचा क्रियागट, म्हणजे ते किडीला कोणत्या पद्धतीने मारतं त्याचा गट, लेबलवर पाहा किंवा विचारून घ्या. मागच्या वेळचा गट वहीत लिहा आणि पुढच्या वेळी दुसरा गट निवडा. नाव वेगळं पण गट तोच, असं वारंवार होतं. तुरा आल्यानंतर फवारणीचा फायदा फार थोडा, त्यातून चारा जनावरांना जाणार असेल तर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते, वाचल्याशिवाय पंप भरू नका.

मदत मागताना एवढं लिहा

गटावर प्रश्न टाकताना नुसता एक फोटो आणि 'काय मारू?' एवढं लिहिलं तर उत्तर देणारा अंधारात असतो. पेरणीची तारीख आणि पिकाची पानं किती, ल्यूर कोणती आणि कधी लावली, मागच्या तीन मोजण्यांतले पतंग आणि ते कोणत्या दिवशी मोजले, शंभर झाडांपैकी ताजा भुसा किती झाडांत, अळी किती वाजता पाहिली, मागची फवारणी कोणत्या गटाची आणि कधी, आणि डोकं, शेपटी, पोंगा असे तीन फोटो. ॲपने काय सांगितलं ते त्याखाली लिहा, खात्रीच्या टक्केवारीसकट. ॲपचं उत्तर शेतातल्या भुशाशी जुळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे तो फोटो बाजूला काढून सुधारणेसाठी पाठवता येतो.